ट्रेगचा आकडा आणि डाव्या हाताची नाडी

प्रश्न थोडक्यात असा. बहीण २६ वर्षांची. टाकायासू आर्टरायटिसचं, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजवणाऱ्या आजाराचं, निदान होऊन आठ महिने झाले. डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्झेट चालू आहे. कुणीतरी सुचवलं म्हणून एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं आणि रिपोर्टमध्ये 'रेग्युलेटरी टी पेशी २.९ टक्के, कमी' असं आलं. आता घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रतिकारशक्ती कमी आहे, गुळवेल आणि बूस्टर सुरू करा. दुसरा म्हणतो, या पेशी वाढवायचं इंजेक्शन परदेशात निघालंय, ते मागवू. भावाने विचारलंय, की या पेशी करतात काय, त्या कमी पडल्या म्हणून रक्तवाहिनी सुजली का, आणि त्या वाढवता येतात का.

मी संधिवाताचा डॉक्टर आहे. 'नाडी लागत नाही तर तुमच्याकडे कशाला पाठवलं, हार्टवाल्याकडे का नाही,' हे आमच्या ओपीडीत हमखास ऐकू येतं. कारण एवढंच, की या आजारात बिघाड नळीचा नसतो, नळीवर हल्ला करणाऱ्या पेशींचा असतो. त्या पेशींशी आमचं रोजचं भांडण.

पहिल्या तटाचा गैरसमज आधी दूर करतो, कारण तो जास्त घातक आहे. रिपोर्टमध्ये 'कमी' लिहिलंय ते प्रतिकारशक्तीबद्दल नाही. रेग्युलेटरी टी पेशी, ज्यांना आम्ही ट्रेग म्हणतो, त्या प्रतिकार करत नाहीत. प्रतिकार करणाऱ्यांना आवरतात. त्या खरोखरच कमी पडल्या तर प्रतिकारशक्ती अशक्त होत नाही, मोकाट सुटते. टाकायासूमध्ये प्रतिकारशक्ती अशीच मोकाट सुटलेली असते. मोकाट सुटलेल्याला बूस्टर पाजायचं, हा सल्ला कुठून येतो कळत नाही. आणि गुळवेल निरुपद्रवी आहे असंही नाही. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. काहींच्या यकृताचं चित्र ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, वाद झाला, तो असो. पण ज्या मुलीला ऑटोइम्यून आजार आहे आणि जिला मेथोट्रेक्झेट चालू आहे, म्हणजे यकृतावर आधीच एक ओझं आहे, तिला मी गुळवेल देणार नाही. घरात काढा चालू असेल तर आजच थांबवा आणि पुढच्या भेटीत एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी बघून घ्या.

आता या पेशींबद्दल.

१९६९मध्ये जपानमधल्या निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मून तीन दिवस झालेल्या उंदरांची थायमस ग्रंथी, म्हणजे जिथे टी पेशी तयार होतात ती छातीतली ग्रंथी, काढली आणि त्या माद्यांची बीजकोषं नष्ट झाली. हीच ग्रंथी सातव्या दिवशी काढली तर मात्र तसं काही होत नव्हतं. म्हणजे त्या मधल्या दिवसांत थायमसमधून काहीतरी बाहेर पडतं, जे शरीराला स्वतःपासून वाचवतं. शिमोन साकागुची हे जपानी शास्त्रज्ञ या धाग्याला चिकटून राहिले. मधल्या काळात 'सप्रेसर टी पेशी', म्हणजे इतरांना दाबणाऱ्या टी पेशी, या कल्पनेची इतकी बदनामी झाली होती, की शहाणे लोक त्या वाटेला जात नव्हते. १९९५मध्ये साकागुचींनी दाखवलं, की अंगावर सीडी२५ नावाचं प्रथिन भरपूर बाळगणाऱ्या टी पेशी काढून टाकल्या की उंदराला एकदम अनेक अवयवांचे ऑटोइम्यून आजार होतात, आणि त्या परत दिल्या की थांबतात. २००१मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. हे जनुक म्हणजे या पेशींचा सूत्रधार. तिघांना २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि माझा अंदाज आहे की लॅबवाल्यांची पॅकेजंही त्यानंतरच वाढली.

रक्तातल्या सीडी४ या जातीच्या टी पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के ट्रेग असतात. इतक्या थोड्या पेशी बाकीच्यांना आवरतात कशा? दोन युक्त्या सांगतो, बाकीच्या सोडून देतो.

पहिली युक्ती पंगतीतली. टी पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ नावाचा रस लागतो. तो सगळ्यांसाठी सारखाच वाढला जातो. पण ट्रेगच्या अंगावर सीडी२५ म्हणजे या रसाचं ताट आधीपासूनच मांडलेलं असतं. त्या पहिल्या पंगतीला बसतात आणि श्रीखंड संपवून टाकतात. मागच्या पंगतीतल्या हल्लेखोर पेशी उपाशी राहतात. गंमत म्हणजे ट्रेग हा रस स्वतः जवळपास बनवतच नाहीत. पूर्ण परावलंबी आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे इंजेक्शनच्या वेळी लागेल.

दुसरी युक्ती जास्त आडदांड आहे. डेंड्रायटिक पेशी टी पेशीला 'हा बघ शत्रू' असं दाखवते तेव्हा नुसतं दाखवून भागत नाही, सोबत होकाराची खूण लागते. ती खूण म्हणजे तिच्या अंगावरची सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिनं. ट्रेगकडे सीटीएलए-४ नावाचं आकडीसारखं प्रथिन असतं. ट्रेग त्या डेंड्रायटिक पेशीला बिलगते, आकडीने ही दोन प्रथिनं ओरबाडून काढते आणि चक्क गिळून टाकते. डेंड्रायटिक पेशी शत्रू दाखवत राहते, पण होकार द्यायला तिच्याकडे काही उरत नाही.

आता हे रक्तवाहिनीच्या भिंतीत नेऊन बघू. महारोहिणीची, म्हणजे अयोर्टाची, भिंत इतकी जाड असते की आतून वाहणारं रक्त तिच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचत नाही. म्हणून त्या भिंतीला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात, व्हासा व्हासोरम. टाकायासूमध्ये हल्लेखोर पेशी मुख्य नळीतून आत घुसत नाहीत, या मागच्या दाराने, बाहेरच्या थरातून येतात. भिंतीत डेंड्रायटिक पेशी बसलेल्याच असतात. निरोगी भिंतीत त्या गप्प असतात. त्या जाग्या झाल्या की टी पेशींना बोलावतात, टी पेशी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींना बोलावतात, गाठी होतात, मधल्या थरातले लवचिक तंतू तुटतात. शेवटी आतला थर डागडुजी म्हणून जाड होत जातो आणि नळी अरुंद होते. नाडी जाते ती या शेवटच्या पायरीला. म्हणूनच नाडी गेल्यावर आजार सुरू झाला असं नसतं. तो बराच आधी सुरू झालेला असतो. ताप, थकवा, मान दुखणं असं काहीतरी, आणि ते अशक्तपणावर ढकललेलं. १९०८मध्ये मिकितो टाकायासूंनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं पाहिलं तेव्हा मनगटाची नाडी त्यांच्या डोक्यातही नव्हती. ते नेत्रतज्ज्ञ होते. नाडीचा संबंध त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिला.

तर मग ट्रेग कमी पडल्या म्हणून हे झालं का? इथे मी 'हो' म्हणायला कचरतो. कारण निसर्गाने हा प्रयोग आधीच करून ठेवलाय. फॉक्सपी३ जनुकच बिघडलेली मुलं जन्माला येतात. त्या आजाराला आयपेक्स म्हणतात. त्यांच्याकडे कामाच्या ट्रेग नसतातच. त्यांना होतं काय? भयंकर जुलाब, तान्हेपणी मधुमेह, अंगभर इसब. टाकायासूसारखी अयोर्टाची सूज हे त्यांच्या आजाराचं नेहमीचं रूप नाही. ट्रेगचा अभाव एवढंच कारण असतं तर या मुलांच्या नाड्या सगळ्यात आधी जायला हव्या होत्या. म्हणजे आग लावणारं दुसरंच काहीतरी असतं. जनुकांचा वाटा असतो, अजूनही काही असेल. विझवणारे कमी पडले म्हणून ती पसरते. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि उपचार करताना तो पदोपदी जाणवतो.

शिवाय 'कमी' म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस नावाच्या रक्तवाहिनीदाहात, पूर्वी त्याला वेगनर म्हणायचे, २००७मध्ये असं दिसलं की ट्रेगसारख्या दिसणाऱ्या पेशी उलट जास्त होत्या. पण त्या बाहेर काढून हल्लेखोर पेशींसोबत ठेवल्या तर त्यांना आवरत नव्हत्या. संख्या होती, वचक नव्हता. वयस्कर लोकांच्या जायंट सेल आर्टरायटिस या रक्तवाहिनीदाहात फॉक्सपी३ प्रथिनाचा एक तुकडा गाळलेल्या ट्रेग सापडल्या आहेत, ज्या शांत करायच्या ऐवजी आयएल-१७ नावाचं भडकवणारं रसायन सोडतात. रखवालदार चोरांना सामील, असा प्रकार. टक्केवारीच्या रिपोर्टमध्ये या पेशी 'ट्रेग' म्हणूनच मोजल्या जातील.

तुमच्या २.९कडे येतो. ही तपासणी फ्लो सायटोमेट्रीने होते. पेशींना रंगीत अँटिबॉडी चिकटवतात, लेझरपुढून एकेक सोडतात आणि स्क्रीनवर ठिपक्यांचा ढग दिसतो. त्या ढगात 'सीडी२५ खूप जास्त, सीडी१२७ हे दुसरं प्रथिन कमी' अशा ठिपक्यांभोवती बसणारा माणूस माउसने एक चौकट काढतो. चौकट जरा डावीकडे सरकली की २.९चे ५ होतात. खोटेपणा नाही, तंत्रच तसं आहे, कारण सीडी२५ हा दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद नसतो. त्यातून माणसाच्या साध्या टी पेशी चिडल्या की त्याही काही काळ सीडी२५ आणि फॉक्सपी३ मिरवतात. नमुना किती तास पडून होता, त्या दिवशी स्टिरॉइड किती मिलिग्रॅम चालू होतं, याचाही परिणाम होतो. आणि सगळ्यात मोठी अडचण, की भांडण चाललंय अयोर्टाच्या भिंतीत आणि आपण मोजतोय कोपरातून काढलेल्या रक्तात. अयोर्टाचा तुकडा काही कुणी तपासायला काढत नाही, शस्त्रक्रिया झालीच तर मिळतो. संशोधनात शंभर पेशंटांची शंभर निरोगी माणसांशी तुलना करून काहीतरी कळतं. एका मुलीच्या एका आकड्यावरून काही कळत नाही. मी ही तपासणी पेशंटला लिहून देत नाही.

याची किंमत मी एकदा पाहिलीय. एका मुलीच्या घरच्यांनी दर तीन महिन्यांनी हा आकडा काढायला सुरुवात केली. तो वाढत होता. घरात आनंद. आकडा नॉर्मल झाला त्या आठवड्यात त्यांनी स्टिरॉइड स्वतःच बंद केलं. पाच महिन्यांनी ती आली ती 'धुणं धुताना हात भरून येतो, मध्येच थांबावं लागतं' म्हणत. आधी फक्त डावा हात होता, आता उजवाही. फाइलला ट्रेगचा हिरव्या बाणाचा रिपोर्ट लावलेला होता.

मग या सगळ्या शास्त्राचा उपयोग काय? आहे, आणि तुमच्या बहिणीच्या आजारासारख्या आजारांच्या औषधांत दिसतो.

कोऱ्या टी पेशीला टीजीएफ-बीटा हे रसायन एकटं मिळालं तर ती ट्रेगच्या वाटेला लागते. त्याच वेळी सोबत इंटरल्युकिन-६ असेल तर ती टीएच-१७ या भडक जातीची होते. उंदरांत हे स्पष्ट दिसलं, माणसांत थोडं गुंतागुंतीचं आहे, पण दिशा तीच. एकच पेशी, एकच फाटा, आणि फाट्यावर उभं इंटरल्युकिन-६. सुजलेल्या रक्तवाहिनीत त्याचा पूर असतो. रक्तात सूज दाखवणारा सीआरपी वाढतो तो यानेच. मग त्याचीच वाट अडवली तर? टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन तेच करतं. २०१७मध्ये जायंट सेल आर्टरायटिसच्या २५१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोक वर्षभरानंतर स्टिरॉइडशिवाय शांत होते. नुसतं स्टिरॉइड २६ आठवड्यांत उतरवलेल्यांत हेच प्रमाण १४ टक्के. या औषधावर असलेल्या रुग्णांच्या ट्रेग पुन्हा कामाला लागल्याचंही एका छोट्या अभ्यासात दिसलं. टाकायासूत जपानने ३६ रुग्णांवर चाचणी केली. आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं, पण संख्याशास्त्राची रेषा अगदी थोडक्यात हुकली. आम्ही ते वापरतो, पण पहिल्या दिवशी नाही.

या औषधाची एक खोड सांगून ठेवतो, कारण पुढे कधी तुमच्या बहिणीला ते सुरू झालं तर उपयोगी पडेल. टोसिलिझुमॅब घेतलं की सीआरपी खाली येतोच. भिंत धुमसत असली तरी येतो, कारण सीआरपी बनवायचा निरोपच यकृतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' हे वाक्य त्या काळात निरर्थक असतं. तेव्हा एमआर अँजिओ, पेट स्कॅन आणि डॉक्टरची बोटं यांवरच भरवसा.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात आमची फजिती आहे. ट्रेगची ती सीटीएलए-४ची आकडी आठवतेय? तिची नक्कल करून अ‍ॅबाटासेप्ट हे औषध बनवलं. कागदावर परिपूर्ण. जायंट सेल आर्टरायटिसमध्ये वर्षभर आजार न उलटलेले ४८ टक्के, औषधाविना ३१. ठीक. टाकायासूमध्ये औषध घेणारे २२ टक्के आणि न घेणारे ४०. उपयोग शून्य. एक संभाव्य कारण असं, की ज्या होकाराच्या खुणेवर हल्लेखोर पेशी जगतात तिच्यावर ट्रेगही जगतात. खूण झाकली की दोघांचंही नुकसान. स्टिरॉइडचंही असंच आहे. जायंट सेलमध्ये ते टीएच-१७ची फळी दाबतं आणि टीएच-१ ही दुसरी हल्लेखोर फळी तशीच राहते, तर टाकायासूमध्ये एका फ्रेंच गटाला उलटं चित्र दिसलं, टीएच-१ दबते आणि टीएच-१७ टिकून राहते. लखनौच्या एसजीपीजीआय या वैद्यकीय संस्थेतही २०१६मध्ये टाकायासूच्या रुग्णांत टीएच-१७ वाढलेल्या दिसल्या. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजार सख्खे भाऊ दिसले तरी एकाचं औषध दुसऱ्याला बिनधास्त देता येत नाही.

आता ते परदेशी इंजेक्शन. ते बहुधा कमी मात्रेचं इंटरल्युकिन-२ असावं. पंगतीतली गोष्ट इथे लागू होते. हाच रस मोठ्या मात्रेत दिला तर सगळ्याच पेशींना पोटभर मिळतो आणि प्रतिकारशक्ती पेटते. किडनीच्या कॅन्सरमध्ये तो त्यासाठीच वापरायचे. अगदी थोडा दिला तर पहिल्या पंगतीतल्या ट्रेगच तो संपवतात आणि वाढतात. २०११मध्ये फ्रान्समध्ये हेपॅटायटिस सीमुळे रक्तवाहिनीदाह झालेल्या १० रुग्णांवर हे करून पाहिलं. दहाही जणांच्या ट्रेग वाढल्या आणि ८ जणांचा आजार सुधारला. रक्तवाहिनीदाहात ट्रेग वाढवून फायदा झाल्याचं माणसातलं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. पण आकडा बघा, दहा. आणि तो आजार बारीक रक्तवाहिन्यांचा, विषाणूमुळे झालेला. आता हेपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, त्यामुळे तिथेही त्याची गरज फारशी उरली नाही. टाकायासूसाठी ते मान्य औषध नाही. कुणी कुरिअरने मागवून देतो म्हणत असेल तर नाही म्हणा. 'स्टेम सेलने ट्रेग वाढवतो' म्हणणाऱ्यांना तर दारही उघडू नका.

कावासाकी आजाराचा उल्लेख राहून जायला नको. लहान मुलांतला हा रक्तवाहिनीदाह. ऐन तापात ट्रेग घटतात, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं की वाढतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचं प्रमाण २५ टक्क्यांवरून ५च्या आसपास उतरतं. ट्रेग वाढल्या म्हणून आजार शमला की आजार शमला म्हणून ट्रेग वाढल्या, यावर दोन इम्युनॉलॉजिस्टना एका खोलीत बसवलं तर जेवणाची वेळ टळते.

तुमच्या बहिणीसाठी मला कळायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा रक्तदाब. मानेवर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून सूं-सूं ऐकू येते का. शेवटच्या स्कॅननंतर नवी जागा अरुंद झाली का. आयटास-२०१० हा आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी बनवलेला तक्ता आहे, त्यात या तपासणीला गुण देता येतात. तिच्या डॉक्टरांना तो भरायला सांगा. टोसिलिझुमॅबसारखं जैविक औषध सुरू करायचं ठरलं तर आधी टीबीची तपासणी, आपल्याकडे हे टाळून चालतच नाही. लग्नाचा किंवा मुलाचा विचार असेल तर आत्ताच बोला, मेथोट्रेक्झेट गरोदरपणात अजिबात चालत नाही आणि काही महिने आधी बंद करावं लागतं. प्रेडनिसोलोन स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, आजार उलटेल म्हणून आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर झोपलेलं असतं म्हणूनही. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा नजर अचानक गेली तर माझ्यासारख्याची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

एक काम आज करा. डाव्या हाताची रक्तवाहिनी अरुंद असल्याने तिथे रक्तदाब खोटा कमी दिसतो. कॅम्पात, दंतवैद्याकडे, ऑपरेशन थिएटरमध्ये कुणीतरी डावा हात पुढे कर म्हणणार, ९० बघून सलाइन लावणार किंवा 'बीपी लो आहे, मीठ खा' सांगणार, आणि खरा रक्तदाब त्या वेळी १६०ही असू शकतो. तिच्या डॉक्टरांकडून कोणत्या हाताचा किंवा पायाचा आकडा खरा धरायचा ते विचारून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर, त्या ट्रेगच्या रिपोर्टच्या जागी, लाल शाईने लिहा: रक्तदाब डाव्या हातात मोजू नये.